सिस्टरच्या गाडीचं मीटर

"डिझेल संपतच नाही हो या गाडीतलं," वायदंडे सिस्टर हसत म्हणाल्या. "काटा अर्ध्यावर येऊन बसतो तो बसतोच. मी आपली खुशीत. काल कळलं, टाकी जवळजवळ कोरडी होती. पंपापर्यंत कशीबशी पोचले, बजरंगभाऊ."

मी फडक्याला हात पुसत दुकानाबाहेर आलो आणि गाडी बघून जागच्या जागी थांबलो. राखाडी रंग, मागच्या डाव्या दाराला पोपटी ओरखडा. दोन महिन्यांपूर्वी याच गाडीच्या डॅशबोर्डात मी कोपरापर्यंत हात घातला होता.

"कधी घेतली?" मी विचारलं.

"दीड महिना झाला. पिसाळकडून घेतली. तुम्हाला विचारायला येणारच होते. पण तोच म्हणाला, बजरंगच्या हाताखालून गेलेली गाडी आहे, डोळे झाकून घ्या. तेवढं ऐकलं आणि दुसरी गाडी बघितलीच नाही मी."

कराडात ओगलेवाडीच्या रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. तेव्हा पस्तिशीत होतो, हात चांगला होता आणि मला त्याचा माज होता. वायदंडे सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. माझी आई शेवटचे चौदा दिवस तिथं पडून होती, तेव्हा ड्युटी संपल्यावरही ही बाई तिच्या उशाशी बसून तिला पेज भरवायची. मिस्टर वारल्यावर एकटीनं पोरगी वाढवली, चाळिशी उलटल्यावर गाडी शिकल्या. अशा बाईला मी काय करून ठेवलं होतं, ते आता सरळ सांगतो.

त्या गाडीच्या कंपनीनं दोन गाड्या काढल्या होत्या. एक लांब, मागं डिकीवाली. दुसरी आखूड. दोघी सख्ख्या बहिणी म्हणा ना. दोघींचं मीटर दिसायला एकच, मागच्या खुंट्या एकच, वायरीचा कप्लरसुद्धा एकच. लांब गाडीचं मीटर आखूड गाडीत खटकन बसतं. आता गंमत अशी, की गाडी किती पळाली तो आकडा असतो मीटरच्या पोटात. मीटर बदललं की गाडीचं वय बदललं. पिसाळ हा जुन्या गाड्यांचा एजंट. त्यानं एका कंत्राटदाराची एक लाख अडतीस हजार किलोमीटर पळालेली ही आखूड गाडी आणली, भंगारात निघालेल्या लांब गाडीचं पंचेचाळीस हजारांचं मीटर आणलं आणि म्हणाला, "बसव." मी बसवलं. पंचवीस मिनिटांचं काम. त्याआधीही अशी पाचसहा केली होती. फक्त दोन्ही गाड्यांच्या टाक्या लहानमोठ्या, त्यामुळं डिझेलचा काटा थोडा खोटं बोलतो. गिऱ्हाईकाच्या ते लक्षात येत नाही. सिस्टरच्या आलं.

"काट्याचं काम आहे जरा," मी म्हणालो. "तोवर अर्ध्याला रिकामी समजा आणि भरा."

"बरं. पण आज नाही वेळ. उद्या सकाळी चिपळूणला निघालोय. मयूराच्या प्रवेशाची मुलाखत आहे, एक वाजता."

"एसटीनं?"

"एसटीनं कशाला? गाडी कशासाठी घेतली मग?" त्या म्हणाल्या. "कुंभार्ली घाट पहिल्यांदाच चालवणार मी. मयूरा म्हणते, आई, मी डोळे मिटून बसते."

माझी नजर एकदम बॉनेटकडं गेली. कारण त्या डिझेल इंजिनाचा टायमिंगचा पट्टा. रबराचा दातेरी पट्टा असतो, इंजिनाचं सगळं वरचं काम खालच्या कामाशी बांधून ठेवतो. एक लाख झाले की तो बदलायचाच असतो. नाही बदलला तर एक दिवस तुटतो, आधी काही सांगत नाही. तुटला की इंजिन त्या क्षणाला बंद. स्टिअरिंग दगडासारखं होतं. ब्रेकची ताकद दोन वेळा दाबेपर्यंत टिकते, मग पाय नुसता आपटत राहायचा. सपाटीला होईल ते होईल. पण घाट उतरताना, वळणावर, दीड महिन्याच्या सवयीच्या बाईच्या हातात?

"सिस्टर, एक सांगू? टायमिंगचा पट्टा बदलून घ्या जाण्याआधी."

त्यांनी पुढचा खण उघडून गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला. ही बाई औषधाची बाटलीही तीनदा वाचून मग पेशंटच्या तोंडाला लावायची. "इथं लिहिलंय बघा. एक लाख किलोमीटर किंवा सहा वर्षं. गाडी चार वर्षांची. आणि पळालीय किती? शेहेचाळीस हजार नऊशे."

"लिहिलेलं असतं हो. पण रबर आहे, उन्हातान्हात..."

"मग तुमच्या मनानं कधी बदलायचा?"

"आजच."

"आज?" त्या चष्म्यावरून माझ्याकडं बघायला लागल्या. "काय बघितलंत तुम्ही?"

"बघितलं नाही काही. बघायचा तर पुढचं चाक काढून इंजिन जॅकवर घ्यावं लागतं, दोन तास जातात. पण मन सांगतंय."

त्या मोकळ्या हसल्या. "बजरंगभाऊ, मन सांगतंय म्हणून मी कुणाला इंजेक्शन देत नाही. पुस्तकात आहे तसं करू. एक लाखाला तुमच्याकडंच घेऊन येते, शब्द दिला."

त्यांचा हिशोब बरोबर होता. पुस्तक बरोबर होतं, वाचणारी बरोबर होती, खोटं होतं ते फक्त समोरचं मीटर, आणि ते मी बसवलेलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. शेजारच्या गॅरेजातले दोघं बाहेर उभे होते, सिस्टर माझ्याकडं माझ्या आईच्या डोळ्यांनी बघत होत्या आणि मला लाज वाटली. गाडी वळून गेली तरी मी फडक्याला हात पुसतच होतो.

संध्याकाळी पिसाळला गाठला. चहाच्या टपरीवर पाय हलवत बसला होता.

"त्या कंत्राटदारानं पट्टा बदलला होता का?"

"कुठला पट्टा?"

"राखाडी गाडीचा, टायमिंगचा. सिस्टरना विकलीस ती."

"मला काय ठाऊक? मी गाडी विकतो, तिची कुंडली मांडत नाही."

"त्याचा नंबर दे. विचारतो."

"तो गोव्याकडं गेला कुठंतरी. नंबर लागत नाही त्याचा." मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुला काय झालंय रे? चेहरा बघ कसा केलायस."

"उद्या घाटात चालल्यात त्या. पोरगीला घेऊन."

"लोक रोज जातात घाटात."

"तू माझं नाव कशाला सांगितलंस त्यांना?"

"खोटं सांगितलं का? तुझ्याच हाताखालून गेलीय की." त्यानं बशीत चहा ओतला. "जा, आणि सांग जाऊन. मग उद्यापासून तुझ्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही, हे पण बघून ठेव. माझं काय, मी कोरेगावला जाऊन गाड्या विकीन."

घरी जेवण गेलं नाही. बायकोला, मालनला, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. दर थोड्या वेळानं स्वतःची समजूत घालत होतो. कंत्राटदाराची गाडी, बदलला असेल. नसेल बदलला तरी एक लाख अडतीसला लगेच थोडाच तुटतो, दीड लाखही काढतात काही गाड्या. काढतात. आणि काही एक लाख दहाला जातात, तीही मी माझ्या डोळ्यांनी ओढून आणलेली बघितली होती.

सकाळी सातला फोन लावला. उचलला नाही. सव्वासातला लावला, साडेसातला लावला. मग आठवलं, या बाई गाडी चालवताना फोन घेत नाहीत, तेही नियमात लिहिलेलं असतं. म्हणजे निघाल्या.

मी मोटारसायकलला लाथ घातली आणि पाटणचा रस्ता धरला. हत्यारं नाहीत, डोक्याला काही नाही, पायात घरातल्या सपाता. पाटण मागं पडलं तरी राखाडी गाडी दिसेना. रस्त्याकडेला चार माणसं उभी दिसली की वाटायचं, झालं. जवळ जावं तर वडापच्या जीपची वाट बघत उभी असायची. कोयनेचं पाणी उजव्या हाताला चमकत होतं, आणि मी आयुष्यात कधी देवाला नवस बोललो नव्हतो तो त्या रस्त्यावर तीन देवांना बोललो.

हेळवाकच्या अलीकडं एका हॉटेलासमोर गाडी उभी होती. पोपटी ओरखडा बघितला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मयूराला घाट लागतो म्हणून गोळी देऊन अर्धा तास थांबल्या होत्या. बाकावर दोघी बसलेल्या. पोरीच्या मांडीवर कागदांची फाईल, सिस्टरच्या हातात चहाचा ग्लास.

"बजरंगभाऊ? तुम्ही इकडं कुठं?"

"सिस्टर, गाडी घाटात घालू नका."

"काय झालं?"

"आधी सांगतो ते ऐका. मग काय म्हणायचं ते म्हणा." मी उभाच होतो, बसायची हिंमत नव्हती. "गाडी शेहेचाळीस हजार पळालेली नाही. एक लाख अडतीस हजार पळालीय. एक लाख चाळीस म्हणा आता. मीटर दुसऱ्या गाडीचं आहे. ते मी बसवलंय. पिसाळनं आणून दिलं आणि मी बसवलं. म्हणून काटा चुकतोय. आणि म्हणून पट्टा बदला म्हणत होतो."

मयूरा आईकडं बघायला लागली. सिस्टरनी ग्लास बाकावर ठेवला.

"तुम्ही बसवलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझी गाडी आहे हे ठाऊक असताना?"

"नाही. तेव्हा पिसाळचीच होती. तुमची आहे ते काल कळलं."

"काल. आणि काल तुम्ही मला सांगितलं, मन सांगतंय म्हणून."

मी मान खाली घातली.

"पट्टा तुटला असता तर?"

मी सांगितलं. स्टिअरिंगचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं. पोरगी ऐकत होती म्हणून जरा सौम्य करून सांगायला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "नीट सांगा. ती लहान नाही." मग नीट सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या, चप्पल काढली असती तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली, बाकावर ग्लासाशेजारी ठेवली. मला हातात दिली नाही.

"अकराच्या आत कुठली एसटी आहे?" त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं.

"साडेनवाची चिपळूण येईल आता, दहा मिनिटांत."

"मयूरा, पाण्याची बाटली घे." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गाडी घेऊन जा. जुनं मीटर ठेवलंय का टाकून दिलं?"

"आहे. दुकानात आहे."

"ते बसवा. मला खरा आकडा दिसला पाहिजे. पट्टा बघा. उद्या संध्याकाळी येते."

एसटी आली, दोघी चढल्या. मयूरानं खिडकीतून एकदा माझ्याकडं बघितलं. त्या वयाच्या पोरीनं तसं बघणं मला सहन झालं नाही, मी उगाच गाडीच्या टायरकडं वळलो.

मोटारसायकल हॉटेलवर टाकली आणि त्यांची गाडी घेऊन परत निघालो. पंचावन्न किलोमीटर, तिसऱ्या गिअरात, कान इंजिनाकडं लावून. जरा कुठं आवाज बदलल्यासारखा वाटला की पाय उचलायचो. मागून ट्रकवाले शिव्या घालून पुढं जात होते. मला त्या गोड लागत होत्या. एकदाचं बोललो होतो.

दुकानात पोचल्यावर शेजारच्या गॅरेजातून जॅक आणला, चाक काढलं, इंजिन उचलून धरलं, पट्ट्यावरचं कव्हर उघडलं. बॅटरीचा उजेड आत मारला आणि बघतच राहिलो.

पट्टा नवा होता.

अगदी कोरा नव्हे, पण धडधाकट. दात धारदार, पाठीवरची छापील अक्षरं अजून वाचता येत होती. कव्हरच्या आतल्या बाजूला कुणीतरी मार्करनं लिहिलं होतं: एक लाख सव्वीस हजार, नवीन. कंत्राटदारानं उशिरा का होईना, बदलला होता. अजून ऐंशीनव्वद हजार आरामात निघाला असता. कुंभार्ली घाट शंभर वेळा चढून उतरला असता.

आणि आता खरं दुखणं ऐका. असं काम करतात तेव्हा मेकॅनिक बॉनेटखाली एक स्टिकर लावतो, अमुक आकड्याला पट्टा बदलला म्हणून. मीटर बदललं की असले सगळे स्टिकर खरवडून काढायचे असतात, नाहीतर आकडा पकडला जातो. त्या गाडीचे स्टिकर मीच खरवडले होते. ब्लेडनं, रॉकेल लावून, न वाचता. माझ्या सगळ्या काळजीचं उत्तर मी माझ्या हातानं पुसून टाकलं होतं.

मी जमिनीवर बसकण मारली. पहिल्यांदा हसू आलं. मग राग आला, कुणाचा ते कळेना. गप्प बसलो असतो तर काहीसुद्धा झालं नसतं. त्या चिपळूणला गेल्या असत्या, आल्या असत्या, काटा मी काहीतरी खटपट करून जुळवला असता आणि सिस्टरच्या डोळ्यांत मी होतो तसाच राहिलो असतो. उगाच सपाता घालून पन्नास किलोमीटर पळत जाऊन मी स्वतःची अब्रू त्यांच्या हातात देऊन आलो होतो, आणि कशासाठी, तर एका चांगल्या पट्ट्यासाठी.

जुनं मीटर बसवलं. एक लाख अडतीस हजारांचा आकडा उजळला, मधले दोनेक हजार सोडून. काटाही शहाण्यासारखा खाली आला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पार्ट बदलला की जुना काढलेला गिऱ्हाईकाला दाखवायचा. पेपरात गुंडाळून ठेवायचा, गिऱ्हाईक आलं की उलगडून हातात द्यायचा. त्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर येणार होत्या, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

दुपारी मी शेजारच्या गॅरेजामागं गेलो. भंगाराच्या ढिगात टायमिंगचा एक पट्टा पडला होता. भेगाळलेला, तीन दात उडालेले, कडेचे दोरे निघालेले. उचलला. अजून काही ठरवलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. नुसता जवळ असू दे. पेपरात गुंडाळून गल्ल्यामागं ठेवला.

सिस्टर सहाच्या सुमारास आल्या. मयूरा बरोबर होती, प्रवेश झाला होता, पण पेढा मला दिला नाही. सिस्टरनी आधी गाडीत बसून किल्ली फिरवली, आकडा बघितला, बंद केली. मग दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. पायरी चढल्या नाहीत.

"काय निघालं?"

खरं सांगायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं: सिस्टर, पट्टा चांगला होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण ते सांगितल्यावर मागं काय उरत होतं? मीटर बदलणारा बजरंग. बस. आणि त्या पायरीखालीच उभ्या होत्या.

मी गल्ल्यामागून पुडी काढली, उलगडली.

"हा निघाला," मी म्हणालो.

सिस्टरनी पट्टा हातात घेतला. बोटानं भेगा चाचपल्या, उडालेल्या दातांच्या जागा मोजल्या, एक, दोन, तीन. रक्ताला, जखमेला न घाबरणारी बाई, पण त्या रबराच्या तुकड्यानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा घाटात टिकला असता?"

"नाही, सिस्टर."

त्यांनी मयूराचं मनगट घट्ट धरलं. मग पायरी चढून वर आल्या आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "काल एसटीत मी तुम्हाला मनातल्या मनात फार बोलले, बजरंगभाऊ. केलंत ते वाईटच केलंत. पण घाटात आमच्यामागं पळत कोण येतं? पिसाळ आला असता?"

मालनच्या हातचा चहा मागवला. त्या प्यायल्या. जाताना पट्टा पेपरात गुंडाळून बरोबर घेऊन गेल्या.

त्यानंतर मी मीटरचं काम केलं नाही. पिसाळ दोनदा आला, मी दोनदा हाकललं, त्यानं बोलणं टाकलं. एवढं खरं आहे. बाकी मग जे झालं ते त्या पट्ट्यानं केलं. सिस्टरनी तो घरात किल्ल्यांच्या खुंटीशेजारी टांगला. आल्यागेल्याला दाखवायच्या, गोष्ट सांगायच्या. डॉक्टर, नर्सा, औषधवाले, त्यांचे मेहुणे, सगळे माझ्याकडं यायला लागले. "गाडी घेण्याआधी बजरंगला दाखवा, तो आपली चूकसुद्धा लपवत नाही." दर भाऊबीजेला मला ओवाळायला बोलावणं असायचं. मी पाटावर बसायचो, आणि समोर खुंटीवर तो पट्टा. एकदा म्हणालो, "सिस्टर, टाकून द्या की ते भंगार आता." तर म्हणाल्या, "असू द्या. आम्ही दोघी कशामुळं जिवंत आहोत ते लक्षात राहतं."

नऊ वर्षांनी मयूराचं लग्न झालं. जावई पुण्याचा, अनिकेत, इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मांडवपरतणीला दोघं कराडला आली, तेव्हा मलाही जेवायला बोलावलं होतं. सिस्टर आत पानं घेत होत्या. अनिकेत माझ्याशेजारी येऊन बसला. शांत मुलगा होता.

"काका, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"तो पट्टा." त्यानं खुंटीकडं मान केली, आवाज खाली आणला. "काल रात्री सहज मोजला. आईंच्या गाडीच्या इंजिनाला लागतो त्यापेक्षा दात कमी आहेत. बरेच कमी. वाटलं, मोजायला चुकलो. परत मोजला. तो डिझेलचा नाहीच, लांब गाडीच्या पेट्रोल इंजिनाचा आहे. लांबून सारखेच दिसतात दोन्ही."

दोन गाड्यांच्या सारखेपणावर पोट भरलेला माणूस मी, आणि त्या दिवशी ढिगातून उचलताना मी दात मोजले नव्हते.

"मयूराला बोललो नाही," तो म्हणाला. "आईंनाही नाही. गोष्ट तुमची आहे."

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं कुणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून मी भाऊबीजेच्या पाटावर बसत होतो, हे मला तेव्हा कळलं. मी उठलो आणि सरळ आत गेलो.

सिस्टर पानात मीठ वाढत होत्या. "बसा ना, घेतलंच आता."

"आधी ऐका," मी म्हणालो. "मग मला पंक्तीला बसवायचं का नाही ते ठरवा."

सगळं सांगितलं. पट्टा नवा होता, ढिगातून दुसरा उचलला, तुमच्या हातात दिला, घाटात टिकला नसता म्हणालो तेही खोटं. सिस्टर मिठाची वाटी हातात धरून ऐकत होत्या. बाहेर मयूरा कशाला तरी हसत होती.

"म्हणजे आम्हाला काही झालं नसतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही."

"हेळवाकला आलात तेव्हा ठाऊक होतं, पट्टा चांगला आहे ते?"

"नाही, सिस्टर. तेव्हा वाटत होतं, तुम्ही दोघी जाताय हातातून."

"मेल्या आईची शपथ घ्या."

घेतली. आईचं नाव तोंडात आलं आणि आवाज फुटला माझा.

त्यांनी वाटी खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले की घाम, मला दिसलं नाही. मग राहिलेल्या पानात चिमूटभर मीठ वाढलं आणि माझ्यासाठी पाट सरळ केला.

"जेवा," त्या म्हणाल्या. "आणि जाताना तो पट्टा घेऊन जा. मला घरात नको."